नाशिकच्या थंडीत सराव आणि रेस दुबईच्या वाळवंटात, उन्हाची तयारी करायची कशी?

गोदाकाठचा_सायकल्या:

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतंच वाचत आलोय, आज पहिल्यांदा विचारतोय. फेब्रुवारीतल्या दुबईच्या आयर्नमन ७०.३ ला नाव घातलंय, म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी पळणं. वेगवान वगैरे अजिबात नाही, सगळं नीट झालं तर सात तास लागतील, कटऑफ (रेस संपवायची मुदत) साडेआठ तासांचा आहे त्यामुळे तशी धास्ती नाही. पोहायला सावरकर तरण तलाव, सायकलला त्र्यंबक रोड आणि रविवारी कसारा घाट, पळायला गोदापार्क, असं बरं चाललंय.

अडचण वेगळीच आहे. आत्ता सकाळी साडेपाचला बाहेर पडतो तेव्हा कानटोपी, हातमोजे, आत थर्मल असा अवतार असतो, निफाडकडे तर पारा पाच-सहावर उतरलाय. तीन तास सायकल मारून आलो तरी एक बाटली संपत नाही, घाम काय तो दिसतच नाही, आणि असंच दोन महिने करून थेट वाळवंटात जाऊन उभं राहायचं. मागे गोव्याची केली होती, तिथे सायकलपर्यंत मजेत होतो आणि पळताना जी काय वाट लागली ती अजून आठवते, अर्धं अंतर चालतच काढलं. अंबडला नोकरी, नऊ ते सहा, त्यामुळे दुपारच्या उन्हात सराव करणं शक्य नाही (आणि जानेवारीत दुपारी तरी कुठलं ऊन).

तर उन्हाची तयारी घरबसल्या होते का? ग्रुपमधला एक जण सांगतो की दर अर्ध्या तासाला एक मिठाची गोळी घे, काही होत नाही. दुसरा म्हणतो भरपूर पाणी पी बास. आणि वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) घ्यावा का? फुकट खर्च नको. आईचं म्हणणं आहे की ऊन लावून घ्यायला एवढे पैसे घालून दुबईला कशाला जायचं, एप्रिलमध्ये गच्चीवर बस.

करामा_काका:

आईंना साष्टांग नमस्कार सांगा, मुद्दा बिनतोड आहे.

मी इथे दुबईत बरीच वर्षं आहे, ही रेस केलीय आणि एरवी शुक्रवार-शनिवार अल कुद्रालाच (वाळवंटातला सायकल ट्रॅक) पडीक असतो, त्यामुळे रस्ता कसा आहे ते सांगतो. पोहणं जुमेराच्या किनाऱ्यावर, बुर्ज अल अरब बाजूला उभं. पाणी फेब्रुवारीत साधारण बावीस-तेवीसच्या आसपास असतं, म्हणजे वेटसूट चालतो, नियमाची मर्यादा २४.५ डिग्री आहे. विकत नका घेऊ, भाड्याने किंवा कुणाचा तरी मागून घ्या, पण रेसच्या आधी किमान दोनदा तो घालून पोहा, नाहीतर गळ्याशी आवळल्यासारखं होऊन उगाच घाबरायला होतं. आणि इथलं पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षाही खारट आहे हो, लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ. पाऊण तास ते तोंडात जात राहिलं की जीभ चामड्यासारखी होते, मान आणि काखेत व्हॅसलीन थापायला विसरू नका, पुढे दिवसभर चुरचुरतं.

सायकल शहराबाहेर वाळवंटात जाते. सपाट म्हणजे किती सपाट, तर तुम्हा घाटवाल्यांना याचाच त्रास होईल. कसाऱ्याला चढ संपला की उतार मिळतो, पाय सोडता येतात, पाणी पिता येतं, पाठ सरळ करता येते. इथे नव्वद किलोमीटर एकदाही पाय थांबत नाही आणि तीन तास त्याच वाकलेल्या पोझिशनमध्ये मान ताठरते. सकाळी वारा शांत असतो, नऊनंतर उठतो, आणि जाताना पाठीवर घेतलात तर येताना तोंडावर येणार हे धरूनच चला. कधीकधी रस्त्याच्या कडेला बारीक वाळूचा थर असतो, वळणावर तिथे ब्रेक मारायचा नाही. ड्राफ्टिंग (पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं) चालत नाही, १२ मीटरचं अंतर पाळायचं, सपाट रस्त्यावर घोळके होतात आणि मोटरसायकलवरचे पंच टपलेलेच असतात, सापडलात तर पाच मिनिटं शिक्षेच्या तंबूत.

आता मुख्य गोष्ट. सायकलवर तुम्हाला ऊन लागतच नाही. ताशी तीस-बत्तीसचा वारा अंगावर, हवा कोरडी, घाम आला की लगेच सुकतो, काळ्या ट्रायसूटवर पांढरे मिठाचे नकाशे उमटतात तेवढीच काय ती खूण. माणूस खुशीत असतो, वॉट्स (पायाचा जोर) वाढवतो. मग टी टू ला (सायकल ठेवून पळायला निघायची जागा) सायकलवरून उतरला की वारा बंद, आणि पळायचं परत समुद्राकाठी जिथे दमटपणा असतो, सावली नावाला नाही. एकाच रेसमध्ये दोन तऱ्हेची गरमी आहे, पहिली दिसत नाही आणि दुसरी सोडत नाही.

भावड्या_कोल्हापूर:

काय राव, फेब्रुवारीत दुबईचं कमाल तापमान पंचवीस-सव्वीस. त्याच महिन्यात नाशिकला दुपारी तीस होतं, आमच्या कोल्हापुरात त्याहून जास्त. उगाच वाळवंट वाळवंट करून पोराला घाबरवू नका. जुलै-ऑगस्टात आहे का रेस? नाही ना. उन्हाळ्यातल्या दुबईचे आकडे वाचून लोक टरकतात. आमच्यातली निम्मी मंडळी परदेशात जाऊन फुल (याच्या दुप्पट अंतराची आयर्नमन) करून आली, कुणी अंग तापवायला गरम पाण्याच्या टबात बसलं नाही की गोळ्या मोजल्या नाहीत. सायकलवर दम राखून ठेवायचा, दर एड स्टेशनला (वाटेतलं खाण्यापिण्याचं ठिकाण) डोक्यावर पाणी, आणि निवांत जायचं. सात तासांच्या माणसाला एवढं सायन्स कशाला पायजे भावा.

ओपीडीनंतर:

भावड्या, आकडा तुझा बरोबर आहे पण निष्कर्ष उलटा काढलास. मी डॉक्टर आहे, शिवाय लाँग डिस्टन्स करते म्हणून दोन्हीकडून सांगते.

सात तासांच्या माणसालाच सायन्स जास्त लागतं. प्रो लोक चार तासांच्या आत घरी, त्यांचं पळणं अकराच्या आत संपतं. हे सातला पाण्यात उतरणार, सायकल संपेपर्यंत साडेअकरा, पुढचे अडीच तास म्हणजे बरोबर दोन वाजेपर्यंत उघड्या उन्हात. सगळ्यात हळू जाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट ऊन येतं, या खेळात ते तसंच आहे. आणि हवामानखात्याचं पंचवीस हे सावलीतलं असतं, डोक्यावर सूर्य आणि खालून डांबर त्यात धरलेलं नसतं. सरासरी पंचवीस म्हणजे एखाद्या वर्षी तीस-बत्तीस निघतंच.

आता शरीराचं. एक लिटर घाम पूर्ण सुकला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की सुकला पाहिजे, निथळून जमिनीवर पडलेला घाम काही थंडावा देत नाही. म्हणून काकांनी सांगितलं तो सायकल आणि पळण्यातला फरक इतका जाणवतो. गोव्यात तुमचं जे झालं तेही हेच, तिथे ऑक्टोबरात घाम येतो भरपूर पण सुकत नाही.

सवय होते का, तर होते, आणि बऱ्यापैकी लवकर होते. दहा ते चौदा दिवस रोज तासभर अंग तापवलं की रक्तातला प्लाझ्मा वाढतो (हा बदल पहिल्या चार-पाच दिवसांतच सुरू होतो), घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला हार्ट रेट खाली येतो. पण सोडलं की दोन-तीन आठवड्यांत बरंचसं उतरतंही, म्हणून आत्ता डिसेंबरात करण्यात अर्थ नाही. रेसच्या अडीच-तीन आठवडे आधी सुरू करा. होम ट्रेनर (घरात सायकल बसवून जागेवर चालवायचा स्टँड) असेल तर खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, अंगात जर्किन, पाऊण ते एक तास अगदी हलक्या गिअरवर. हे दिवस जोर लावायचे नाहीत, उद्देश फक्त तापणं हा आहे. घरात कुणीतरी जागं असू द्या, दार आतून लावायचं नाही, चक्कर किंवा मळमळ आली की त्याच क्षणी बंद. बीपीची गोळी चालू असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मिठाच्या गोळीचं. तुमच्या मित्राला विचारा की अर्ध्या तासाला एक हे त्याने कशावरून ठरवलं. घामातलं सोडियम माणसागणिक बदलतं, कुणाचं लिटरला चारशे मिलिग्रॅम तर कुणाचं हजाराच्या वर. ट्रेनरवर तासभर बसायच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा, मधे प्यायलेलं पाणी मिळवा, जितके ग्रॅम घटले तितके मिली घाम. जर्किन काढून, पण गरम खोलीतच मोजा. एक-दीड लिटर निघाला तर त्यातलं सगळं परत भरायचा हट्ट नको, तहान लागेल तसं आणि थोडं जास्त, पोट सांभाळेल इतकंच. मेडिकलमध्ये मिळणारं साधं ओआरएस लिटरभर पाण्यात घातलं तर जवळजवळ १७०० मिलिग्रॅम सोडियम होतं, स्पोर्ट्स ड्रिंकच्या तिप्पट तरी. एका बाटलीत ते अर्ध्या ताकदीचं आणि दुसरीत साखरेचं पेय, बहुतेकांना एवढं पुरतं.

आणि जो दुसरा मित्र भरपूर पाणी पी बास म्हणतो त्याचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. सात तास नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम १३५ या किमान नॉर्मल पातळीच्या खाली जाऊ शकतं, डोकं दुखतं, उलटी होते, बोटं सुजतात, अंगठी रुतते, आणि लोकांना वाटतं डिहायड्रेशन झालं म्हणून अजून पाणी पाजतात. रेसनंतर वजन वाढलेलं असेल तर समजा की पाणी जास्त झालं.

शेवटचं, पाय दुखतात म्हणून रेसच्या दिवशी ब्रुफेन-कॉम्बिफ्लॅम खायची नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला बाधते, असे पेशंट पाहिलेत.

भावड्या_कोल्हापूर:

डॉक्टर मॅडम ते साडेअकरा ते दोनचं गणित पटलं. माझं डोक्यावर पाणी तरी ठेवा.

ओपीडीनंतर:

ठेवलं :) ते उत्तमच आहे, कोरड्या हवेत तर अंगावर ओतलेलं पाणी घामाचंच काम करतं, आणि घाम वाचतो. फक्त बूट भिजवायचे नाहीत, पुढे फोड.

गोदाकाठचा_सायकल्या:

एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. होम ट्रेनर नाहीये माझ्याकडे, मित्राचा आणायचा विचार आहे पण नक्की नाही. कुठेतरी वाचलं की पळून आल्यावर गरम पाण्यात बसायचं, तेही चालतं का? आमच्याकडे बाथटब कुठला, बादली आणि तांब्या.

ओपीडीनंतर:

गरम पाण्याचं खरं आहे, हलकं पळून आल्या आल्या चाळीस डिग्रीच्या पाण्यात मानेपर्यंत अर्धा-पाऊण तास, सहा दिवस सलग, यावर अभ्यास झालाय आणि फायदा दिसलाय. पण बादलीने होत नाही, अंग बुडालं पाहिजे. जिमला स्टीम किंवा सॉना असेल तर पळून झाल्यावर लगेच वीस मिनिटं बसा, तेवढ्यावर भागेल. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. बाहेर येताना भिंत धरून या, उठल्यावर बीपी पडतं.

निवडुंग_आणि_सायकल:

अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहते, मूळची साताऱ्याची. टेंपीची फुल केलीय, म्हणजे ३.८ पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं. ही रेस आधी एप्रिलमध्ये व्हायची, २००८ मध्ये नोव्हेंबरात हलवली, यावरूनच इथल्या उन्हाची कल्पना येईल. तरीसुद्धा आमचा त्रास तुमच्या बरोबर उलटा असतो. सराव जुलै-ऑगस्टात, पहाटे चारला निघायचं तर तेव्हाच तीस डिग्री आणि आठच्या आत घरी पोचायचं कारण दुपारी त्रेचाळीस-पंचेचाळीस. त्यामुळे रेसच्या दिवसाची हवा आम्हाला सुखाची वाटते, आणि तलावाचं पाणी मात्र इतकं गार की दात वाजतात.

कोरड्या वाळवंटाबद्दल एक सांगते जे वर आलं नाही. तहान फसवते. टेंपीच्या सायकलला बीलाइन हायवेवर तीन फेऱ्या असतात, जाताना हळूहळू चढ, दोन्हीकडे नुसते सग्वारो निवडुंग उभे, आणि अंग कोरडं ठणठणीत असल्याने बाटलीकडे हातच जात नाही. मी घड्याळात दर बारा मिनिटांनी गजर लावते आणि वाजला की दोन घोट, इच्छा असो नसो. डॉक्टर ताईंचं तहानेनुसार प्या हे पळताना पाळते, सायकलवर नाही. ताई रागावू नका.

खाण्याचं पण. ताशी साठ ते नव्वद ग्रॅम कार्ब्सचा आकडा सगळे सांगतात, पण अंग तापलं की रक्त कातडीकडे जातं आणि पोटाला कमी मिळतं, मग तेच जेल जे त्र्यंबक रोडला छान पचत होतं ते घशाशी येतं. म्हणून जास्तीत जास्त खाणं सायकलच्या पहिल्या दोन तासांत उरकायचं. तो गरम खोलीतला सराव कराल तेव्हा त्यातच एक-दोनदा रेसचं खाणं खाऊन बघा, तिथे पोट बंड करत असेल तर दुबईत करणारच. गोडाचा कंटाळा येतो म्हणून मी सायकलवर उकडलेल्या छोट्या बटाट्याच्या फोडी मीठ लावून नेते, इथले गोरे विचित्र नजरेने बघतात आणि नंतर मागतात.

आणि एड स्टेशन गाळायचं नाही, एकही. १९९५ साली कोनाला (हवाईतली आयर्नमनची जागतिक स्पर्धा) पॉला न्यूबी-फ्रेझरचं काय झालं ते ठाऊक असेलच, त्याआधी सात वेळा जिंकलेली बाई, पुढे होती, मागून कॅरन स्मायर्स येतेय म्हणून शेवटची एड स्टेशन्स सोडली आणि फिनिश समोर दिसत असताना रस्त्यावर बसली. बऱ्याच वेळाने अनवाणी चालत चौथी आली. परत २०२५ ला तिथेच, लूसी चार्ल्स-बार्कलेने रेस सोडली, टेलर निब आघाडीवर असताना शेवटच्या काही किलोमीटरवर खाली बसली, आणि नॉर्वेची सोल्वाय लोव्सेथ जिंकली. कोना वाळवंट नाही, काळा लाव्हा आणि दमट हवा, पण ऊन या लोकांना पण सोडत नाही एवढंच सांगायचं होतं.

ओपीडीनंतर:

रागवत नाही, सायकलवर गजर लावणं मलाही मान्य आहे, दोन घोटच असतील तर. त्या कोनाच्या गोष्टीला एक जोड. सोबत पळणारा कुणी वाकडातिकडा चालायला लागला, विचारलेल्याला असंबद्ध उत्तर देतोय, चिडतोय, तर ते नुसतं थकणं नाही. तो शुद्धीवर दिसला तरी व्हॉलंटियरला हाक मारा. उष्माघातात आधी जागेवर थंड करायचं, बर्फाचं पाणी, ओले टॉवेल, जे असेल ते, आणि मग हॉस्पिटल. उलट क्रमाने केलं की उशीर होतो.

करामा_काका:

वहिनींचा बटाटा मी यंदा पळवणार.

सायकल्या भाऊ, दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. आदल्या दिवशी दुपारीच सायकल ट्रान्झिशनला (खेळ बदलायच्या जागी) लावावी लागते, ती रात्रभर आणि आदल्या दुपारी उन्हात उभी राहते, त्यामुळे टायरमध्ये थोडी हवा कमी ठेवून लावा आणि सकाळी पंप घेऊन जा, टच्च भरून ठेवली तर दुपारीच फटाका वाजल्याचे आवाज येतात. बाटल्या आदल्या रात्री अर्ध्या भरून फ्रीझरमध्ये, सकाळी वरून भरा, पहिला तास-दीड तास तरी गार मिळतं, नंतरचं कोमट प्यायची मनाची तयारी ठेवा. पळताना बर्फ मिळाला तर टोपीत आणि ट्रायसूटच्या छातीत टाका, टोपी पांढरी घ्या. सनस्क्रीन टी वन ला (पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी) परत लावा, समुद्रात पहिला थर गेलेला असतो, आणि मानेची मागची बाजू, दंडाची मागची बाजू, ही सायकलवर वाकल्यावर सरळ सूर्यासमोर येते.

वेग घड्याळातल्या पेसवर ठरवू नका. पहिले पाच किलोमीटर हार्ट रेट बघून पळा, गोदापार्कच्या वेगापेक्षा किलोमीटरला अर्धं-पाऊण मिनिट हळू झालं तरी वाईट वाटून घेऊ नका. आणि चार दिवस आधी येता आलं तर या, सुट्टी मिळत असेल तर. रोज अकराला अर्धा तास जुमेराच्या ट्रॅकवर हळू पळालात तरी अंगाला अंदाज येतो.

गोदाकाठचा_सायकल्या:

सुट्टीचं साहेबांशी बोललो, तीन दिवस मिळतायत. ट्रेनर मित्राकडून उद्या आणतोय, त्याची अट एकच की परत देताना घामाचा वास नको. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून बंद खोली सुरू करतो, वजनाचा काटा पण काढून ठेवलाय. काका, सायकल विमानाने आणताना डबा पुठ्ठ्याचा चालेल का, की हार्ड केसच लागते? आणि शुक्रवारी सकाळी तुमच्या अल कुद्रावाल्यांसोबत एक हलकी राईड जमेल?

करामा_काका:

पुठ्ठ्याचा चालतो, सायकलच्या दुकानात फुकट मिळतो. डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) काढून फोममध्ये गुंडाळा, टायरमधली हवा अर्धी सोडा, आणि टायर भरायचे सीओटू गॅसचे कार्ट्रिज सामानात अजिबात टाकू नका, तिकडे अडवतात, इथे दुकानात घेता येतील. शुक्रवारी पहाटे साडेपाच, मी गाडी घेऊन येतो, हॉटेल कुठलं ते मेसेज करा.